दहा रुपयांचं पाकीट आणि सराफाचा काटा



मागे एकदा पावसाळ्यात डाळी-कडधान्यं कशी राखायची ते लिहिलं होतं. आज धान्याचं नाही, कार्डांचं लिहिते. क्रिकेटपटूंच्या कार्डांचं. आमचं मंचरला किराण्याचं दुकान, त्यामुळे शाळा सुटली की ओट्यावर पोरांची गर्दी ठरलेली. त्यातली निम्मी चॉकलेटला येतात आणि निम्मी कार्डांच्या पाकिटांना. आणि दुकानात ही पाकिटं ओळखणारी, कोणतं घ्यावं, कोणतं घेऊ नये हे सांगणारी बाई म्हणजे मी. आमचे हे हसतात. हसू देत. मला हा नाद लहानपणापासून आहे.

माझं माहेर जुन्नर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिग फन नावाचं बबलगम मिळायचं, तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. त्यात खेळाडूचं चित्र आणि त्यावर धावा नाहीतर विकेट लिहिलेल्या असायच्या. पुरेशा धावा जमवल्या की एक चिमुकलं पुस्तक मिळे. त्याची पानं अंगठ्याने भराभर सोडली की फलंदाज हलताना दिसे. आमच्या आजीच्या घरात बबलगमला बंदी. त्यात काय घातलेलं असतं कोण जाणे, आपल्याला कळत नाही ते तोंडात घालायचं नाही, हा तिचा नियम. तेव्हा पाकिटावर हिरवा ठिपका नव्हता. ती खूणपद्धत २००१ मध्ये आली. मग मी काय करायची, गम शेजारच्या मैत्रिणीला आणि कागद मला. तिला माझा आग्रह फार आवडायचा.

त्यातले सतरा कागद अजून माझ्याकडे आहेत. पुस्तक मात्र धाकट्या भावाने फाडलं.

पुढे १९९९ च्या विश्वचषकाला ब्रिटानियाच्या बिस्किटांच्या वेष्टनांवर धावा आल्या. शंभर धावा जमवायच्या, मग पुस्तिका, मग नाणं घेऊन खरवडायचं, नशीब असेल तर इंग्लंड. तेव्हा मी कॉलेजात होते, आणि दुकानदाराच्या घरात सून म्हणून जाणार हे ठाऊक नव्हतं. नाहीतर बिस्किटांच्या रिकाम्या वेष्टनांसाठी गावभर फिरले नसते.

हे कार्डांचं वेड आपल्याकडचं नाही, बाहेरून आलेलं आहे, आणि त्याची सुरुवात ऐकलीत तर कान टवकारतील. ही कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटात असायची. मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून आत एक जाड पुठ्ठा घालत, मग कुणाला तरी सुचलं की त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा येईल. इंग्लंडच्या विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची पन्नास कार्डं अशीच सिगारेटसोबत काढली. अमेरिकेत त्यांच्या बेसबॉल या खेळाची निघाली. तिथे होनस वॅग्नर नावाचा मोठा खेळाडू होता. १९०९ च्या सुमाराला तंबाखू कंपनीने त्याचं कार्ड छापलं आणि त्याने ते थांबवायला लावलं. पोरं माझ्या चित्रासाठी तंबाखू विकत घेतील, ते मला नको, असं तो म्हणाला असं सांगतात. काहीजण म्हणतात पैशावरून बिनसलं. मला पहिली गोष्ट आवडते, मी तीच मुलांना सांगते. छपाई लवकर थांबल्यामुळे कार्डं थोडी राहिली आणि २०२२ मध्ये त्यातलं एक साडेबाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

तंबाखूनंतर आलं बबलगम. टॉप्स या कंपनीचा १९५२ चा संच सगळ्यात प्रसिद्ध. तो एका माणसाने ब्रुकलिनमध्ये आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. मला ही गोष्ट वाचून फार बरं वाटलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फार तर वाटाणे सोलून होतात. तर त्या संचातली न खपलेली कार्डं गोदामात पडून राहिली, आणि काही वर्षांनी त्याच माणसाने ती होडीत भरून समुद्रात बुडवली, असं तोच सांगायचा. त्याच संचातलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कोरं करकरीत कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने आपले शंभर कोटी रुपये. अण्णांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, हे सांगितलं तर ते रोजमेळातून मान वर न करता म्हणाले, "बुडवली म्हणून गेलं ना शंभर कोटीला? ठेवली असती तर रद्दीच होती."

अण्णा सहावी शिकलेत. व्यापार त्यांना असा एका वाक्यात कळतो.

आता पाकिटांकडे येते, कारण मुलांच्या आया मला दुकानात विचारतात की कोणतं घेऊ. आमच्याकडे चार प्रकारची येतात. एक दोरीला लटकणारी माळ, पाच रुपयांना पाकीट, आत चार कार्डं. कागद पातळ, खेळाडूंच्या नावांत चुका, आणि सगळीच चमकणारी, म्हणजे कशालाच किंमत नाही. एक कार्ड सव्वा रुपयाला पडतं. दुसरं कंपनीचं दहाचं पाकीट, आत तीन कार्डं, साधारण तीन रुपये तेहतीस पैशांना एक. तिसरं पन्नासचं, आत तेरा, त्यात एक चमकी हमखास. पावणेचारच्या थोडं वर पडतं. आणि चौथा पत्र्याचा डबा, अडीचशेला चाळीस, म्हणजे सव्वासहा रुपयांना एक कार्ड. डबा छान असतो. माझ्याकडे एकात लवंग-वेलची आहे. पण कार्डांसाठी डबा घेऊ नका, ती डब्याची किंमत आहे.

पाच रुपयांच्या माळेला मी फुकट नावं ठेवत नाही. लहान पोराला चित्रंच हवी असतील तर तेच बरं. चार-पाच वर्षांचं पोर कार्ड चावतं, दुमडतं, भिंतीला चिकटवतं. पण ज्याला संच पुरा करायचा आहे त्याच्यासाठी दहाचं. पन्नासच्या पाकिटातली ती हमखास चमकी ही मला फसवी वाटते, कारण त्या ठरलेल्या चमकीत तीच तीन-चार नावं फिरून येतात. हे माझं मत. आमचे चिरंजीव या बाबतीत माझ्याशी भांडतात.

चिरंजीव तेराचे. आठवीत. त्यांनीच यंदा घरात जो प्रसंग आणला तो मला लिहायचाच होता.

चैत्रात नारायणगावच्या घाऊकवाल्याकडून दहाच्या पाकिटांचं नवं खोकं आलं. चाळीस पाकिटं. खोकं रविवारी घरात होतं, सोमवारी दुकानात लागलं. बुधवारी संध्याकाळी आमचे चुलत दीर, ज्यांचं दोन दुकानं सोडून सराफीचं दुकान आहे, ते चहाला आले आणि हसत हसत म्हणाले, "वहिनी, तुमचा लेक माझ्या काट्यावर चॉकलेटं तोलत होता की काय?"

मला लगेच कळलं. हा प्रकार परदेशात जुना आहे. चमकी कार्डाला वरून धातूसारखा थर असतो, कधी पुठ्ठाही जाड असतो, त्यामुळे ते असलेलं पाकीट किंचित जड लागतं. फरक अर्ध्या ग्रॅमच्याही आतला. आपल्या किराण्याच्या काट्याची पायरी पाच ग्रॅमची, त्याला हे कळणारच नाही. पण सराफाचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. चिरंजीवांनी चाळीस पाकिटं काकाच्या काट्यावर एकेक करून ठेवली होती, वहीत आकडे लिहिले होते, आणि सगळ्यात जड आठ बाजूला काढून स्वतः विकत घेतली होती. आठांत सहा चमकी निघाल्या. बाकीची बत्तीस पाकिटं परत खोक्यात भरून दुकानात लावली. बुधवारपर्यंत त्यातली नऊ विकली गेली होती.

रात्री चौविहाराआधी जेवणं आटोपली आणि विषय निघाला. चिरंजीव अजिबात घाबरलेले नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मी गल्ल्यात ऐंशी रुपये टाकलेत. अण्णांना विचारा. मी काय चोरी केली?"

अण्णांनी रोजमेळ उघडून दाखवला. ऐंशी रुपये होते.

आणि खरं सांगू का, मलाही चटकन उत्तर सुचलं नाही. आमचे हे तर मुलाच्याच बाजूचे. म्हणाले, "नारायणगावच्या बाजारात बायका टोमॅटो दाबून दाबून निवडतात. चांगले उचलतात, नरम ठेवतात. त्याला कोणी चोरी म्हणतं का? ह्याने डोकं लावलं, एवढंच." माझी धाकटी, नऊ वर्षांची, ती म्हणाली, "पण दादाने मला नाही सांगितलं." तिचं दुःख वेगळं होतं.

सासूबाई हातातली माळ ठेवून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "टोमॅटो सगळ्यांना दिसतो रे. ज्याला डोळे आहेत तो निवडतो. हे पाकीट कुणालाच दिसत नाही, म्हणून तर सगळ्यांना दहाला आहे. तुला दिसलं, कारण काका सराफ आहेत आणि दुकान आपलं आहे. बाहेरच्या पोराला कुठला काटा?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि जी उरली ती दहालाच विकलीस ना? तुला ठाऊक होतं त्यात काही नाही."

मैत्रिणींनो, तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतो. त्यात कूडतोल-कूडमाप येतं. मी आजवर त्याचा अर्थ धरला होता तो दांडी मारणं, खोटी वजनं ठेवणं, एवढाच. आमच्या दुकानात काट्यावर दरवर्षी सरकारी शिक्का बसतो, त्यामुळे तो भाग आपल्याला लागू नाही असं वाटायचं. इथे तर काटा अगदी खरा होता. सराफाचा, शंभराव्या भागापर्यंत खरा. आणि त्या खऱ्या काट्याने खोटं माप केलं होतं, कारण तोलल्यानंतरची पाकिटं न तोललेली म्हणून विकली. हे मी चिरंजीवांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. "न तोललेली म्हणून" हे त्यांना लागलं बहुतेक.

मग अण्णांनी निकाल दिला. उरलेली तेवीस पाकिटं दुकानातून काढायची, घरखर्चात लिहायची. दोनशे तीस रुपये. त्यातले निम्मे चिरंजीवांच्या राखी-दिवाळीच्या पैशातून. आणि जी नऊ विकली गेली ती ज्यांनी घेतली त्या पोरांना पुढच्या खोक्यातली नऊ पाकिटं फुकट, आणि ती चिरंजीवांनी स्वतः जाऊन द्यायची, काय झालं ते सांगून.

शेवटचा भाग जड होता. आमच्या ह्यांना तो मान्य नव्हता. "गावात दुकानाचं नाव जाईल. पोरं घरी जाऊन सांगतील की ह्यांच्याकडे पाकिटं निवडलेली असतात." हे खोटं नव्हतं. मंचरसारख्या गावात सकाळी बोललेलं दुपारी बाजार समितीपर्यंत पोहोचतं. दोन दिवस घरात यावर धुसफूस चालली. सासूबाई आपलं म्हणणं एकदा बोलून सामायिकाला बसल्या, परत बोलल्या नाहीत. अण्णाही नाहीत. घरातले मोठे असे गप्प बसले की बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी चिरंजीव स्वतःच गेले. नऊ पाकिटं पाच पोरांनी घेतली होती. चौघे आनंदाने उड्या मारत पाकिटं घेऊन गेले, त्यांना बाकी कशाशी घेणं नव्हतं. पाचव्याने विचारलं, "काट्यावर कळतं? मला पण दाखव ना." एकाची आई संध्याकाळी दुकानात आली. मला वाटलं आता बोलणार. तिने अर्धा किलो साबुदाणा घेतला आणि म्हणाली, "तुमच्या मुलाने सांगितलं सगळं." एवढंच. पुढे काही नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी अजून ठरवलेलं नाही, पण साबुदाणा ती अजून आमच्याकडूनच नेते.

त्या पाचही पोरांना मी विचारलं होतं, कुणाला चमकी निघाली का. नाही. घरात आलेली तेवीस पाकिटं आम्ही सगळ्यांनी बसून उघडली, त्यांत दोन निघाल्या. म्हणजे सबंध खोक्यात चाळीसला आठ, पाचात एक. आणि चिरंजीवांनी निवडून उरलेल्यांत बत्तीसला दोन, सोळात एक. मी हे आकडे वहीत लिहून ठेवलेत. आमच्या जुन्नरच्या नाणेघाटात नागनिका राणीने आपल्या दानांचे आकडे दगडात कोरून ठेवलेत, दोन हजार वर्षांपूर्वी. मी आपली शाळेच्या उरलेल्या वहीत लिहिते. पण ती वही पुढे धरली आणि म्हटलं, बघ, पाचात एक म्हणून दहा रुपये घेतले आणि सोळात एक दिलं. तेव्हा हे, आमचे हे, म्हणाले, "असं सांगितलं असतंस तर आधीच पटलं असतं." बी.कॉम. झालेल्या बायकोचा असा उपयोग होतो.

बी.कॉम.वरून आठवलं. संच पुरा करायला किती पैसे लागतात याचा हिशोब मी केला आहे, तो प्रत्येक आईने वाचावा. समजा शंभर कार्डांचा संच आहे आणि सगळी सारखीच छापली आहेत. पहिलं कार्ड नवंच असणार. पन्नास जमली की दर दोन कार्डांमागे एक नवं. नव्वद जमली की दर दहामागे एक. आणि नव्व्याण्णव जमली की शेवटच्या एकासाठी सरासरी शंभर कार्डं उघडावी लागतात. सगळी बेरीज केली तर शंभरचा संच पुरा व्हायला सरासरी ५१९ कार्डं लागतात. तीनच्या पाकिटाने १७३ पाकिटं, १७३० रुपये. गंमत पुढेच आहे. त्या ५१९ पैकी २९३ कार्डं फक्त शेवटच्या दहासाठी जातात. म्हणजे नव्वद कार्डं साडेसातशे रुपयांत आणि उरलेली दहा पावणेदहाशे रुपयांत. मुलगा सांगतो ना, "आई, दहाच राहिली गं," तेव्हा तो अर्ध्याच्याही अलीकडे असतो.

यावर उपाय एकच, अदलाबदल. घरातल्या एकतीस पाकिटांत आम्हाला त्र्याण्णव कार्डं मिळाली, त्यांत वेगळी एकसष्ट आणि डबल बत्तीस. ही डबल घेऊन मी घोडेगावला नणंदेकडे गेले. तिच्याकडच्या दुकानात माल पुण्याहून येतो, नारायणगावहून नाही, आणि फरक लगेच दिसला. आमच्याकडे ७ नंबरचे पाच, तिच्या मुलांकडे एकही नाही. त्यांच्याकडे ५२ चे चार, आम्ही ते कधी पाहिलेलं नाही. एकाच खोक्यात, एकाच घाऊकवाल्याच्या मालात तीच ती कार्डं पुन्हा येतात, हे मी तीन खोक्यांत पाहिलंय. म्हणून शेजारच्या पोराशी बदलण्यापेक्षा दुसऱ्या गावच्या भाच्याशी बदला. पुढे जुन्नरला माहेरी गेले तेव्हा भावाच्या मुलाकडून आणखी वीस मिळाली. भाऊ तोच, पुस्तक फाडणारा. मी आठवण करून दिली.

सासूबाईंचा आक्षेप मात्र संपलेला नाही. त्यांचं म्हणणं, बंद पाकीट घेऊन आत काय निघतं ते बघणं हा जुगारच, आणि सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं. मी त्यांना म्हटलं, जुगारात हरला की हात रिकामा, इथे दहा रुपयांना तीन कार्डं मिळतातच. त्या म्हणाल्या, "मग ते पोर पाकीट फोडून दोन कार्डं खाली का टाकतं?" यावर मी काय बोलू? टाकतात खरी. दुकानासमोर रोज संध्याकाळी मी साधी कार्डं झाडून गोळा करते. ज्या पोराला सगळी कार्डं हवीत, त्याच्यासाठी हा छंद आहे. ज्याला फक्त चमकी हवी, त्याच्यासाठी सासूबाई म्हणतात ते खरं आहे. पाकीट तेच. बेल्जियमने २०१८ मध्ये मोबाइल-कॉम्प्युटरच्या खेळांतल्या अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवून बंदी केली, तेव्हा ही शंका फक्त मंचरच्या सासूबाईंचीच आहे असं नाही.

आता दुकानात आम्ही काय करतो ते सांगते. खोकं घरी येत नाही, सरळ दुकानात फुटतं. पाकीट हाताने दाबून, वाकवून बघायचं नाही, आम्हीच काढून देतो. एका पोराला दिवसाला एकच. हे शेवटचं आमच्या ह्यांना अजूनही टोचतं, कारण दुसरं मागणारं पोर कोपऱ्यावरच्या दुकानात जातं आणि तिथे दहा घेऊन येतं, वर आमच्या ओट्यावर बसून फोडतं. ते बरोबरच आहे. दिवाळीपर्यंत बघू असं ठरलंय. सासूबाई पाकिटं ठेवूच नका म्हणतात, हे म्हणतात ठेवायची तर मोकळी ठेवा, मी मधे.

आणि गल्ल्याशेजारी एक जुनी बरणी ठेवली आहे, डबलची. त्यात एक टाका, एक घ्या. खाली पडलेली साधी कार्डंही झाडून, पुसून मी त्यातच टाकते. पहिल्या आठवड्यात बरणीत काही राहीना, आता राहतं. एक सहावीतली मुलगी येते, ती पाकीट कधीच घेत नाही. एक टाकते, एक नेते. तिचा संच आमच्या चिरंजीवांच्या पुढे गेलाय. तिने एकूण किती रुपये खर्च केले असतील असं मी विचारलं तर म्हणाली, "तीस."

माझ्या धाकटीला स्मृती मानधनाचं कार्ड हवं आहे. सांगलीची मुलगी, आपल्याकडची, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत मुलींनी विश्वचषक घेतला तेव्हा आमच्या घरात धाकटीइतकं कोणीच ओरडलं नसेल. आम्ही आजवर उघडलेल्या एकाही पाकिटात एकही बाई निघालेली नाही. तिने शेवटी पेपरातला फोटो कापून, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून, अडीच बाय साडेतीन इंचांचं बरोबर मापाचं कार्ड केलं. मागे धावा लिहिल्या. नंबर दिला १०१. चिरंजीव म्हणाले हे धरायचं नाही. धरलं आहे.

कार्डं राखण्याबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा वाकतो. रबरबँड लावू नका, कडेला खाच पडते आणि उन्हाळ्यात रबर चिकटतं. स्टीलचा घट्ट डबा, त्यात औषधाच्या बाटलीतून निघणारी ती ओलावा शोषणारी पुडी. कसर लागू नये म्हणून सुकलेला कडुलिंबाचा पाला आणि चार लवंगा कागदात गुंडाळून ठेवायच्या. कसर लागल्यावर मारत बसण्यापेक्षा ती येऊच नये हे बघायचं, साड्यांना करतो तसंच. आणि डबा एकच. परिग्रह परिमाणात क्षेत्र, वास्तू, सोनं, धान्य असे नऊ प्रकार आपण मोजतो, त्यात कार्डं कशात धरायची हे मला कळलं नाही, म्हणून मी डब्यावरच मर्यादा घातली. झाकण लागलं पाहिजे. नवीन येईल तेवढं जुनं बरणीत.

आमचा संच सध्या शहाण्णववर आहे. १७, ४१, ६३ आणि ८८ राहिलेत. माझ्या हिशोबाने या चारांसाठी दोनशेच्या वर कार्डं उघडावी लागतील, ते करणार नाही. तुमच्या घरी मुलांकडे यातलं कोणतं डबल असेल तर पर्युषण आटोपल्यावर क्षमापनेला भेटू तेव्हा पर्समध्ये घेऊन या. बदल्यात ७ नंबर देईन. आमच्याकडे अजून तीन आहेत.